लक्षात राहील असे जेवण

आमच्या प्रांताचे नाव आणि लग्नास निघालेल्या मंडळींचे नाव मराठीत एकच आहे. ‘वऱ्हाड’ म्हटले म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ हा काळ्या मातीचा मुलूख जसा डोळ्यांपुढे येतो, तसाच नवऱ्या मुलाबरोबर निघालेला आणि जेवणाची वाट पाहणारा पाहुण्यांचा तांडाही येतो. या योगायोगाचा अर्थ पंडितांनी लावावयाचा तो लावावा. परंतु ज्या मुलखाने असे नाव धारण केले आहे, त्याला लग्नात पाहुण्यास काय जेवू घालावे हे बाहेरून कोणी येऊन शिकवावे लागेल, असे निदान मला तरी कधी वाटले नव्हते. अलीकडे मात्र असे शिकविणारे पुष्कळ झाले आहेत, आणि शिकणारे त्याहून पुष्कळ झाले आहेत.

त्यांच्या शिकवणीचे सार थोडक्यात असे: लग्नाच्या स्वागतसमारंभाचा ‘मेनू’ असा असावा, की तो पाहुण्यांच्या जन्मभर लक्षात राहावा. यासाठी कार्याच्या तीन-चार महिने आधी केटररास बोलवावे. तो एक गुळगुळीत चोपडी पुढे ठेवतो. तीत ताटामागे दर आणि दरामागे पदार्थांची संख्या दिलेली असते. पनीराचे तीन प्रकार, चिनी म्हणविणारे दोन, इटलीचे म्हणविणारे एक, दक्षिणेकडील डोशाची शेगडी, उत्तरेकडील चाटीची गाडी, शेवटी गोडाची आठ भांडी आणि बर्फाचा गोळा. यजमान चोपडी चाळतो आणि शेजाऱ्याच्या कार्यात किती पदार्थ होते ते आठवतो. मग त्याहून चार अधिक सांगून तो सुटकेचा निःश्वास टाकतो. आपण काय खाऊ घालणार आहोत याचा विचार या सर्व व्यवहारात कोठेच आलेला नसतो. आपण किती दाखविणार आहोत, एवढाच हिशेब झालेला असतो.

या शिकवणीस माझा विरोध आहे, आणि तो कंजूषपणाच्या बाजूने नाही. लग्नाचे जेवण लक्षात राहावे, ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. मुलीचे किंवा मुलाचे लग्न म्हणजे माणसाच्या आयुष्यातील मोजक्या आनंदांपैकी एक आहे, आणि तो आनंद अन्नाच्या रूपाने वाटून घ्यावा यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे इतकेच, की पदार्थांची संख्या वाढविल्याने जेवण लक्षात राहत नाही. ते राहते कोणी, कोणास, कोणत्या भावाने वाढले यामुळे. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात संख्येच्या या चढाओढीचे बिल शेवटी ज्याच्या हातात पडते, तो ती सुरू करणारा नसतो. ही चढाओढ आम्ही पगारदार, शिकलेल्या माणसांनी सुरू केली आहे. म्हणून ती थांबविण्याचे कर्तव्यही आमचेच आहे.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, माझ्या मुलीचे लग्न झाले. स्वागतसमारंभ यवतमाळ शहरातील एका मंगल कार्यालयात होता आणि पदार्थ बेचाळीस होते. बेचाळीस हा आकडा मला पाठ आहे, कारण त्या आठवड्यात मी तो निदान शंभर जणांना सांगितला असेन. राळेगाव तालुक्यातील एक कास्तकार, ज्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, पत्नीसह एस.टी.ने आले. आहेर म्हणून त्यांनी स्वतःच्या शेतातील तुरीची पायलीभर डाळ फडक्यात बांधून आणली होती. ती त्यांनी माझ्या हाती दिली, नवरा-नवरीस अक्षता टाकल्या आणि मला विचारले, “सर, पंगत कुठी बसली जी?” मी हसून थाळ्यांच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखविले आणि पुढच्या पाहुण्याकडे वळलो. अर्ध्या तासाने पाहतो तो ते गृहस्थ भिंतीशी, हातात थाळी घेऊन, गर्दी ओसरण्याची वाट पाहत उभे होते. त्यांच्या पत्नीने थाळी घेतलीच नव्हती. पायात चपला घालून, चारचौघांपुढे उभ्याने जेवणे तिला जमण्यासारखे नव्हते. शेवटची गाडी चुकू नये म्हणून दोघे निघून गेले. बेचाळीस पदार्थांत तुरीचे साधे वरण नव्हते, हे मला त्यांनी आणलेली डाळ घरी सोडताना, दोन दिवसांनी, प्रथम लक्षात आले.

गोष्ट येथे संपली असती तर ती माझ्यापुरती शरमेची ठरली असती. पुढच्या वर्षी तेच गृहस्थ आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले. अक्षता ठेवून म्हणाले, “सर, तुमच्यासारखंच ठेवलं जी सारं. तुमच्या इथं पाह्यलं होतं ना.” ज्या जेवणाने त्यांना उपाशी परत पाठविले, त्याच जेवणाचा त्यांनी कित्ता गिरविला होता. कारण मुलाकडच्या मंडळींनी ‘सरांकडे झाले तसे’ असे शब्द वापरले होते. कापूस विकून हाती आलेली आणि मृगाच्या पेरणीसाठी राखलेली रक्कम त्या एका संध्याकाळी गेली. उरलेली भर व्याजी पैशाने पडली. त्या वर्षी त्यांनी बियाणे उधारीवर आणले. ते गृहस्थ सुखरूप आहेत आणि शेती करीत आहेत. वाचकांस हळहळ वाटावी म्हणून मी हे सांगत नाही. बेचाळीस या आकड्याने शहरातून खेड्यापर्यंत कसा प्रवास केला, ते दाखविण्यासाठी सांगतो. लग्नाच्या खर्चाचे माप खालून वर जात नसते, ते वरून खाली उतरते.

आता माझ्याविरुद्ध जे म्हटले जाईल ते मला ठाऊक आहे, आणि त्यास एकेक करून उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. काही मित्र म्हणतील, “यात शिकलेल्यांचा दोष कसला? शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणूनच तो कर्जात बुडतो. त्यालाच चार शब्द सांगा.” हा युक्तिवाद नवा नाही. तो शंभर-दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याचे खंडनही तितकेच जुने आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. सुपे येथून त्यांस सुरुवात झाली. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेले मंडळ परक्या सरकारचे होते, शेतकऱ्यांचे पक्षपाती म्हणून ते नेमलेले नव्हते. तरीही त्या मंडळाने आपल्या अहवालात नमूद केले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. रयतेच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च अधिक दिसला, तरी असे प्रसंग क्वचितच येतात आणि कर्जाचा आरंभ बहुधा त्यातून होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुले यांनीही हाच आरोप खोडून काढला. शेतकऱ्याच्या लग्नात काय दारिद्र्य असते, ते त्यांनी आरोप करणाऱ्यांपुढे उघडे करून मांडले.

आमच्या जिल्ह्यास तर यासाठी ग्रंथांकडे जाण्याचीही गरज नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह मृत्यूस जवळ केले. त्यांच्या घरी तेव्हा कोणाच्या लग्नाचा थाट चाललेला नव्हता. शेतीच्या जोरावर जगणे अशक्य झाले, हे त्यांचे दुःख होते. त्या दिवसाची आठवण म्हणून गेली काही वर्षे १९ मार्चला महाराष्ट्रातील अनेक जण अन्नत्याग करतात. शेतकऱ्याच्या विपत्तीची मुळे भाव, पाऊस, पाणी, वीज आणि पत यांत आहेत. त्याच्या मांडवातील बुंदीत ती शोधणे हा आपल्या अंगावरील जबाबदारी झटकण्याचा एक सोयीस्कर मार्ग आहे.

मग लग्नातील जेवणाबद्दल एवढा आक्रोश कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की १८७५ चे जेवण आणि आजचे जेवण यांत एक मोठा फरक पडला आहे, आणि तो पदार्थांच्या संख्येहूनही खोल आहे. पूर्वीचे लग्नाचे जेवण बहुतांशी शेतातून येत असे. तूर घरची, गहू किंवा ज्वारी घरची, वांगी मळ्यातली, ताक शेजारचे, पत्रावळी पळसाच्या. पोळ्या लाटावयास गल्लीतल्या बायका, वाढावयास गावातली पोरे, पाणी भरावयास भाऊबंद. नगद पैसा लागे तो गूळ-साखर, तेल आणि मीठ-मसाला यांपुरता. आज एका ताटातील एकही जिन्नस यजमानाच्या शेतातून येत नाही आणि एकही हात त्याच्या गल्लीतून येत नाही. सारेच नगद. ज्याच्या घरात नगद पैसा वर्षातून एकदा, कापूस-तूर विकल्यावर येतो, आणि ज्याला तोच पैसा जूनपर्यंत बियाणे-खतासाठी पुरवावयाचा असतो, त्याला धान्याचा खर्च आणि नगदीचा खर्च हे सारखे नसतात. लग्नसराई नेमकी या दोहोंच्या मध्ये, माघ ते वैशाख, येते. डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जी मदत जाहीर केली, तीत सामूहिक विवाहांस साहाय्य हेही एक कलम होते, याचे मर्म हेच आहे. लग्न हे संकटाचे मूळ नव्हे, परंतु आधीच वाकलेल्या पाठीवर ठेवलेले ते आणखी एक ओझे होऊ शकते. पाऊस आपल्या हाती नाही, कापसाचा भाव आपल्या हाती नाही. हे एक ओझे तरी आपल्या हातचे आहे.

दुसरा आक्षेप प्रगतीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पंगत ही जुन्या, विषम समाजाची खूण आहे आणि बफे ही समतेची, असे माझे तरुण सहकारी म्हणतात. यातील पूर्वार्ध मी नाकारीत नाही. पंक्तिप्रपंच हा शब्द आमच्याच भाषेतला आहे. कोणास आधी बसवावयाचे, कोणास मागून, कोणाच्या पानावर तूप आणि कोणाच्या पानावर तेल, हे सर्व आमच्या पंगतींनी पाहिले आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावी काही घरांची माणसे मांडवाबाहेर, सर्वांची जेवणे झाल्यावर बसत, आणि त्याचे आम्हां मुलांस नवलही वाटत नसे. ती पंगत परत आणा असे मी म्हणेन तर माझ्या तोंडचे अन्न काढून घ्यावे.

परंतु बफेने पंक्तिभेद मोडला हे खरे नव्हे, त्याने तो फक्त हलविला. मोठ्या स्वागतसमारंभांत पडद्याआड मांडलेली ती निराळी मेजे वाचकांनी पाहिली असतील. तेथे आमदार, अधिकारी आणि कंत्राटदार यांना बसवून, वाकून, आग्रहाने वाढले जाते. म्हणजे बसून जेवण्याचा आणि आग्रहाचा मान काही नाहीसा झाला नाही. तो थोड्यांसाठी राखून ठेवला, आणि बाकीच्यांच्या हाती थाळी देऊन त्यांस रांगेत उभे केले. याला समता म्हणावयाचे असेल तर विषमतेस नवा शब्द शोधावा लागेल. खरी समता म्हणजे सर्वांनी उभे राहणे नव्हे, एकाच पंगतीत सर्वांनी बसणे होय.

शिवाय बफे ही पाश्चात्त्यांची अंतिम प्रगती आहे ही समजूतही अज्ञानाची आहे. मूळ फ्रेंचमध्ये हा शब्द भांडी आणि खाद्ये मांडून ठेवण्याच्या कपाटाचा, मेजाचा आहे. अठराव्या शतकापर्यंत युरोपातील बड्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडण्याची चाल होती. हात पोहोचेल ते खावे आणि न पोहोचेल ते पाहावे. एकोणिसाव्या शतकात त्यांनीच ती चाल सोडली आणि पाहुण्यास बसवून एकामागून एक पदार्थ वाढण्याची, रशियन म्हणविली जाणारी रीत उचलली, कारण अन्न ऊन मिळे आणि पाहुण्याकडे लक्ष राही. ज्या रीतीस ते शोधत शोधत येऊन पोहोचले, ती आमच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या होती. आम्ही ती टाकून, त्यांनी जी टाकली तिच्या मागे धावत आहोत.

याच युरोपातील एक प्रसंग यादीच्या अभिमानास चांगला उतारा आहे. १६७१ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई शांतिली येथे कोंदेच्या राजपुत्राकडे पाहुणा म्हणून आला. भोजनव्यवस्था वातेल नावाच्या कारभाऱ्याकडे होती. ठरलेले मासे वेळेवर येत नाहीत असे पाहून यजमानाची नाचक्की झाली असे त्यास वाटले, आणि त्याने प्राण दिला. मासे थोड्याच वेळाने येऊन पोहोचले. त्या मेजवानीत इतर काय काय होते ते आज जाणकारांवाचून कोणास ठाऊक नाही. जो माणूस तिच्यापायी मेला तो मात्र साडेतीनशे वर्षे लक्षात आहे. मेजवानी लक्षात राहण्याची ही रीत कोणास हवीशी वाटेल असे मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जेवण लक्षात राहते ते कशाने? आमच्याच इतिहासात याचे दाखले आहेत, आणि मौज अशी, की त्यांपैकी कोणत्याही जेवणाची यादी एका ओळीपेक्षा लांब नाही.

४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते, टिळकही होते. पुढे आला तो चहा आणि त्याबरोबर बिस्किटे. कोणी प्याले, कोणी नुसतेच पेल्यास हात लावून राहिले. गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावे प्रसिद्ध केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, ग्रामण्य गाजले. एक पेला चहा, आणि महाराष्ट्र तो अद्याप विसरला नाही. का? त्या पेल्यात चवीचे काही विशेष होते म्हणून नव्हे. कोण कोणाच्या हातचे घेतो, हा प्रश्न त्यात होता.

दुसरा दाखला आमच्या वऱ्हाडचाच. गाडगे महाराजांच्या, तेव्हाच्या डेबूजीच्या, घरी मुलीचे बारसे होते. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी मांस आणि दारू वाढावी लागे, त्यासाठी कर्ज झाले तरी चालेल, पण रिवाज चुकता कामा नये. डेबूजींनी रिवाज चुकविला. त्यांनी साधे शाकाहारी जेवण आणि बुंदीचे लाडू वाढले. जातभाई रागावले, कुरकुरले, आणि अखेरीस जेवले. ज्या काळी त्या मुलखात किती मेजवान्या झाल्या असतील! त्यांतील कोणती आज कोणास आठवते? बुंदीचे लाडू मात्र शंभराहून अधिक वर्षे आठवणीत आहेत. पुढे जन्मभर कीर्तनातून बाबा हेच सांगत राहिले, की कर्ज काढून जेवणावळी घालू नका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा. माणसांच्या माना बाबांच्या कीर्तनात डोलत असत. त्याच माणसांच्या नातवांपुढे आज आम्ही प्राध्यापक मंडळी बेचाळीस पदार्थांचा धडा ठेवीत आहोत.

तिसरा दाखला सत्यशोधकांचा. समाज स्थापन झाला १८७३ च्या सप्टेंबरात, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच्या पद्धतीने पहिला विवाह लागला. पुरोहितावाचून, अत्यंत थोड्या खर्चात लागलेल्या त्या विवाहात सावित्रीबाई स्वतः पुढाकार घेऊन उभ्या होत्या. तेथे पंचपक्वान्ने झडली नाहीत, म्हणून तो विवाह विसरला गेला असे कोणी म्हणू शकेल काय?

या तीन प्रसंगांत समान काय आहे? तिन्ही ठिकाणी अन्न थोडे होते, परंतु ते अन्न काहीतरी बोलत होते. पंचहौदातील चहा विचारीत होता, तुम्ही कोणाबरोबर बसाल? डेबूजींचे लाडू सांगत होते, मी ऋण काढून तुमची वाहवा विकत घेणार नाही. आमच्या बेचाळीस पदार्थांना बोलावयाचे असे एकच वाक्य होते, ते म्हणजे ‘माझ्याकडे पैसा आहे’. आणि हे वाक्य तरी पूर्ण खरे कोठे होते?

आता ‘तर मग वाढावे काय?’ असे विचारणाऱ्यास उत्तर न देता लेखणी ठेवणे हा पळपुटेपणा होईल. म्हणून, पाकशास्त्राचा अधिकार नसतानाही, यवतमाळ जिल्ह्यापुरती माझी यादी मी मांडतो.

पानावर प्रथम तुरीचे घट्ट वरण आणि भात, वर तूप. आमच्या जिल्ह्याच्या शेतांत कापसाच्या ओळींमधून जी तूर डोलते, तिच्या वरणास लग्नात जागा नसावी ही आमच्या रुचीचीच शोकांतिका आहे. मग पोळी, आणि वांग्याची झणझणीत रसभाजी. लग्नातील वांग्याच्या भाजीला जी चव येते ती घरी येत नाही, हे प्रत्येक वऱ्हाडी माणूस शपथेवर सांगेल. मोठ्या कढईत, लाकडाच्या आचेवर, तेलाची तर्री वर येईपर्यंत ती शिजते हे त्याचे कारण. हिवाळ्यातील लग्न असेल तर कोथिंबिरीची, म्हणजे आमच्या सांबाराची, पुडाची वडी. इतर ऋतूंत पाटवडी किंवा साधी भजी. एक कोशिंबीर, एक चटणी. उन्हाळा असेल तर मठ्ठा भरपूर. गोड एकच, पण हात न आखडता वाढलेले: बुंदी किंवा जिलबी. सात-आठ जिन्नसांच्या पलीकडे ही यादी जात नाही, आणि ज्याला हे पोटभर मिळाले तो नववा पदार्थ मागत नाही.

या यादीचा गुण केवळ चवीचा नाही. तिच्यातील बहुतेक प्रत्येक जिन्नस जिल्ह्यातील शेतात पिकतो, म्हणून पैसा जिल्ह्यात राहतो. ती यादी पगारदारास जितकी शोभते तितकीच चार एकरवाल्यास झेपते. अशी यादी प्राध्यापकाने ठेवली तर कास्तकारास तिची नक्कल करताना जमीन गहाण ठेवावी लागत नाही. अनुकरण होणारच असेल, आणि ते होतेच, तर अनुकरणास स्वस्त असे काही आपण पुढे का ठेवू नये?

आणि वाढावयाचे कसे? बसवून. ज्यांना जमिनीवर बसणे होत नाही त्यांच्यासाठी मेज आणि खुर्च्या असाव्यात, पण वाढणारे हात असलेच पाहिजेत. पंगत एकच असावी, तीत जो आधी आला तो आधी बसावा, मग तो आमदार असो की सालगडी. वाढावयास भाड्याच्या पोशाखातील अनोळखी पोरे नकोत, घरचे भाऊ-भाचे, विद्यार्थी, मित्र हवेत. आमच्याकडे आमंत्रणाचा एक जुना प्रकार आहे, त्यास ‘चूलबंद आवतण’ म्हणतात. ज्या घरास ते दिले त्या घरची चूल त्या दिवशी पेटावयाची नाही, घरातील म्हातारे-कोतारे, पोरेबाळे सर्वांनी आमच्याकडे जेवावयाचे. या दोन शब्दांत पाहुण्याविषयी जेवढे ममत्व आहे तेवढे सोनेरी अक्षरांच्या शंभर पत्रिकांत नाही. ज्यांना चूलबंद आवतण दिले, त्यांना उभ्याने आणि उपाशी परत पाठविणे हे आमच्या पिढीचे कर्तृत्व आहे.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो माझ्या घरातूनच येतो. “तुम्ही एकट्याने केले तर लोक म्हणतील, सरांनी पैसे वाचविले.” म्हणतील, निश्चित म्हणतील. डेबूजींनाही लोक काही कमी बोलले नसतील. परंतु ज्या माणसाचे महिन्याचे वेतन ठरलेले आहे, ज्याच्या मुलीचे लग्न बेचाळीस पदार्थांविनाही अडले नसते, त्याला ही टीका सोसणे जड नाही. ती ज्याला जड जाते त्याने, म्हणजे त्या राळेगावच्या कास्तकाराने, आधी हिंमत करावी असे म्हणणे म्हणजे आपण छत्रीत उभे राहून दुसऱ्यास पावसाची भीती सोडण्याचा उपदेश करणे होय. म्हणून माझी विनंती यवतमाळच्या प्राध्यापक, डॉक्टर, वकील, अधिकारी आणि व्यापारी बंधु-भगिनींस आहे, खेड्यातील लोकांस नव्हे. आधी आपण आपल्या कार्यांतील यादी लहान करावी, पडद्याआडची मेजे काढून टाकावी, आणि सर्वांस एका पंगतीत बसवावे. हे दहा प्रतिष्ठित घरांनी एका लग्नसराईत केले, तर अकराव्यास धैर्य लागणार नाही.

येत्या फाल्गुनात माझ्या धाकट्या मुलाचे लग्न आहे. राळेगावच्या त्या घरी पत्रिका टपालाने न पाठविता मी स्वतः जाऊन चूलबंद आवतण देणार आहे. ते येतील की नाही, माझ्याविषयी त्यांच्या मनात काय आहे, मला ठाऊक नाही. आले, तर पंगत कोठे बसली हे त्यांना विचारावे लागू नये, एवढीच माझी खटपट आहे. डाळ त्यांच्याच शेतातली, बाजारभावाने विकत घेऊन, मी आणविली आहे.